धर्मपित्याला विचारा, बाळाला अडवू नका

इस्पितळात नुकतंच जन्मलेलं बाळ अत्यवस्थ आहे. आईवडील कॅथोलिक आहेत आणि फादर वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकले आहेत. आईनं विनवलं म्हणून ड्युटीवरच्या हिंदू नर्सनं बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते’ असं म्हटलं, तर तो बाप्तिस्मा कॅथोलिक ख्रिस्तसभेला पूर्ण मान्य आहे. ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा तिचा हेतू असला की झालं. तिचा धर्म, तिचं लग्न, तिची कागदपत्रं, काहीही आड येत नाही. बाळ वाचलं तर त्याला चर्चमध्ये नेऊन उरलेले विधी करतात, पण पाणी पुन्हा घालत नाहीत. मात्र हीच नर्स त्या बाळाची धर्ममाता, म्हणजे गॉडमदर, होऊ शकत नाही.

हे ऐकून पुष्कळ जण चकित होतात, काही चिडतातही. मला यात विसंगती दिसत नाही, उलट सगळा नियम इथेच उलगडतो. बाप्तिस्मा हे देवाचं काम, माणूस तिथे निमित्तमात्र, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून निमित्ताला अटी जवळजवळ नाहीत. धर्मपिता किंवा धर्ममाता होणं हे मात्र माणसाचं काम आहे आणि ते कपाळावरचं पाणी वाळल्यावर सुरू होतं. पुढची कित्येक वर्षं त्या मुलाला श्रद्धेत वाढताना सोबत करायची, तर ती श्रद्धा आधी स्वतःपाशी असावी लागते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याचा कल स्पष्ट आहे. बाळासाठी दार सताड उघडं ठेवायचं आणि सोबत्याची पारख करायची. आमच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये), वसईपासून मुंबई-पुण्यापर्यंत, मी जे पाहत आलो ते बहुतेक वेळा नेमकं उलटं आहे. बाळाच्या आईवडिलांना ऑफिसात खेटे घालावे लागतात. धर्मपित्याला मात्र कोणी काही विचारत नाही. त्याचा दाखला फाइलला लागला की तो पास.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट पाहावं. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, कलम ८७२ ते ८७४ अशी तीनच कलमं या विषयाला दिलेली आहेत. धर्मपिता एक असावा किंवा धर्ममाता एक, नाहीतर दोघांपैकी प्रत्येकी एक. दोन काका चालत नाहीत, दोन मावश्या आणि एक मामा तर नाहीच नाही. वय सोळा पूर्ण असावं. बिशपांनी वेगळं वय ठरवलं असेल किंवा योग्य कारणासाठी फादरांनी सूट दिली तर गोष्ट वेगळी. व्यक्ती कॅथोलिक हवी, तिचं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं हवं, तिनं ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) स्वीकारलेला हवा. तिच्यावर ख्रिस्तसभेची शिक्षा लागू नसावी. ती बाळाची जन्मदाती किंवा जन्मदाता नसावी. या सगळ्याच्या अध्येमध्ये एक अट आहे, ती अशी की पत्करलेल्या कामाला शोभेल असं श्रद्धेचं जीवन ती जगत असावी.

बाकी सगळ्या अटींचा दाखला निघतो. वयाचा निघतो, दृढीकरणाचा निघतो, लग्नाचा निघतो. या एका अटीचा निघत नाही, म्हणून ती सोडून बाकी सगळ्या तपासल्या जातात. दहावीत असताना वर्गासोबत दृढीकरण घेतलेला आणि त्यानंतर फक्त नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बाहेर पटांगणात उभा राहिलेला भाऊ बिनदिक्कत धर्मपिता होतो. त्याची स्वतःची काही तक्रार नसते, काही दावाही नसतो. त्याला ‘तू रे’ म्हटलं, तो हो म्हणाला. सोन्याची साखळी घेतली, ब्लेझर शिवला, झालं.

आणि कलम ८७२ मधल्या ज्या शब्दांवर सगळं काही टेकलेलं आहे ते तर आपल्याकडे कोणी मोठ्यानं वाचतच नाही. धर्मपिता-धर्ममाता ‘शक्य असेल तिथवर’ असावेत, असं तिथे लिहिलं आहे. ते असल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. पुढचं कलम ८७५ सांगतं की असं कोणी नसेल तर बाप्तिस्मा झाला हे सांगू शकेल असा निदान एक साक्षीदार असू द्या. योग्य माणूस मिळेना म्हणून दोन महिने बाप्तिस्मा लांबवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. कतारहून दीर येणार, कॅनडाहून बहीण येणार, दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. खरं तर कायद्यानं बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवा, आणि परदेशातल्या माणसासाठी इथे प्रतिनिधी उभा करायची जुनी सोय आहेच.

एका धर्मग्रामात मी पाहिलेला प्रसंग असा. अविवाहित आई, तीन महिन्यांचं बाळ, सोबत तिची आई. ऑफिसातल्या टेबलावर फॉर्म. त्यात ‘आईवडिलांच्या चर्चविवाहाची तारीख’ हा रकाना. टेबलापलीकडून विचारणा झाली की हे कसं भरायचं. रकाना रिकामा ठेवला तर चालेल का, हा प्रश्न आजीनं दोनदा विचारला. ‘फादरना भेटा’ म्हणून त्यांना परत पाठवलं. त्याच वेळी दुसऱ्या एका बाळाचा होऊ घातलेला धर्मपिता मोबाइलवर बोलत बोलत आला, पाकिटातून दाखल्याची झेरॉक्स काढून ठेवली आणि बोलत बोलतच गेला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्या आजीला कोणीतरी सांगायला हवं होतं की तो रकाना बाप्तिस्म्याची अट नाही. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी कायद्याला दोनच गोष्टी लागतात: आईवडिलांपैकी किमान एकाची संमती आणि हे मूल कॅथोलिक श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा. आईवडिलांचं लग्न कुठे झालं, झालं की नाही, हे त्या कलमात नाही. अविवाहित आईचं नाव नोंदवहीत कसं लिहायचं यासाठी तर कायद्यात वेगळी तरतूदच आहे, म्हणजे अशी बाळं येणार हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं होतं. आशा अजिबातच नसेल तरी बाप्तिस्मा पुढे ढकलायचा, आणि का ढकलला ते आईवडिलांना समजावून सांगायचं. १९८० साली व्हॅटिकननं बालबाप्तिस्म्यावर जी सूचना काढली तिचाही सूर हाच होता. नकार हा मार्गच नव्हे, तयारीसाठी थोडा वेळ मागावा. ज्या घरची आजी हातात बाळ घेऊन चर्चच्या ऑफिसात दोनदा तोच प्रश्न विचारते, त्या घरात आशा नाही असं कोण म्हणेल?

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या ‘इव्हान्जेली गाउदियुम’ या पत्रात याबद्दल चांगलेच कान उपटले होते. संस्कारांची दारं वाटेल त्या कारणानं बंद करू नका, आणि बाप्तिस्मा तर स्वतःच दार आहे, असं त्यांनी लिहिलं. ख्रिस्तसभा म्हणजे टोलनाका नव्हे, असंही त्याच परिच्छेदात आहे. टोलनाक्याचा अर्थ मुंबई-पुण्याच्या माणसाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, त्यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये ज्या बाळांना बाप्तिस्मा दिला त्यात चर्चमध्ये लग्न न झालेल्या जोडप्याचंही एक बाळ होतं.

आता धर्मपित्याकडे वळतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

आपल्याकडे हे नातं मानाचं का झालं, याला इतिहास आहे. सोळाव्या शतकात गोव्यात आणि वसई-साष्टीच्या पट्ट्यात सामुदायिक बाप्तिस्मे झाले तेव्हा धर्मपिता म्हणून पोर्तुगीज अधिकारी, जमीनदार, सरदार उभे राहत. आज आमच्याकडे जी डिसोजा, परेरा, लोपीस, डाबरे अशी सरमिसळ आडनावं दिसतात, त्यांतली पोर्तुगीज आडनावं पुष्कळ घरांत अशाच धर्मपित्याकडून किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूकडून आली. धर्मपिता म्हणजे वजनदार माणूस, ज्याच्या नावाखाली आपण उभे राहतो, ही समजूत तिथून मुरलेली असावी. श्रद्धेचा सोबती आणि आश्रयदाता यांतला फरक पहिल्या दिवसापासूनच पुसट होता. आजही मुलासाठी धर्मपिता शोधताना ‘कोण जास्त मिस्सेला जातो’ यापेक्षा ‘कोण उपयोगी पडेल’ आणि ‘कोणाला नाही विचारलं तर रुसेल’ हेच आधी बघतात. पहिल्या मुलाला सासरकडचं, दुसऱ्याला माहेरकडचं, हा हिशोब तर आमच्या गावात इतका पक्का, की मूल जन्मायच्या आधीच नावं ठरलेली असतात.

मुळात असं नव्हतं. पहिल्या काही शतकांत बाळाला चर्चमध्ये आणून त्याच्या वतीनं उत्तरं देणारे साधारणपणे आईवडीलच असत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी तसं लिहून ठेवलं आहे. टाकून दिलेल्या बाळांना व्रतस्थ स्त्रिया आणत. आईवडिलांनी स्वतःच्या मुलाचे धर्मपालक, म्हणजे धर्मपिता किंवा धर्ममाता, होऊ नये असा नियम ८१३ साली माइन्झच्या धर्मपरिषदेनं केला. पुढे मोठ्या घराण्यांत एकेका बाळामागे धर्मपित्यांची रांग लागायला लागली. सोयरीक जोडायचा तो सोपा रस्ता होता. त्यात बाप्तिस्म्यातून जडलेलं आध्यात्मिक नातं लग्नाला आड येई, त्यामुळे गावात कोणी कोणाशी लग्न करायचं याचाच गोंधळ माजला. शेवटी १५६३ साली त्रेंतच्या परिषदेनं संख्या एकावर, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री यांवर आणून ठेवली. ही लग्नाची आडकाठी लॅटिन परंपरेत १९८३ मध्ये गेली. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांच्या १९९० च्या संहितेत ती अजून आहे. त्यामुळे कल्याण धर्मप्रांतातल्या सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या पूर्वेकडच्या परंपरेतल्या कॅथोलिक, कुटुंबाला जो नियम लागतो तो त्याच इमारतीतल्या मुंबई धर्मप्रांताच्या कुटुंबाला लागत नाही. हे जाता जाता.

मानाचं पद झालं की त्याचा बाजार व्हायला वेळ लागत नाही, याचं सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण इटलीत आहे. तिथे गुन्हेगारी टोळ्यांनी धर्मपित्याचं नातं आपलं जाळं विणायला वापरलं. बाळाच्या निमित्तानं दोन घराणी कायमची बांधली जातात. २०१४ साली रेज्जो कालाब्रियाच्या आर्चबिशपांनी धर्मपित्यांची पद्धतच दहा वर्षं स्थगित ठेवू द्या, अशी पोपना विनंती केली होती. ऑक्टोबर २०२१ पासून सिसिलीतल्या कातानिया धर्मप्रांतानं प्रयोग म्हणून तीन वर्षं बाप्तिस्मा आणि दृढीकरण या दोन्ही वेळी धर्मपालक नेमणंच बंद केलं. तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं टोळ्यांपुरतं नव्हतं. हे पद निव्वळ समारंभाचं झालं आहे आणि अपात्र माणसाला नाही म्हणताना दमदाटी सोसावी लागते, हे त्यांचं दुखणं होतं.

कातानियाचा उपाय इथे लागू करावा असं काही जण म्हणतात. मी म्हणत नाही. आमच्याकडे नाही म्हणणाऱ्या फादरांना धमक्या येत नाहीत. फार तर दोन वर्षं त्या घरचं कोणी बोलत नाही. आणि पद्धत बंद केली तर जे थोडे धर्मपिता आणि धर्ममाता आपलं काम खरंच करतात त्यांचंही काम जाईल. अशी माणसं आहेत. बाप दारूत बुडालेला असताना मुलाला दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला सायकलवर बसवून नेणारी धर्ममाता मला माहीत आहे. तिच्याकडे ब्लेझरवाल्यांसारखं द्यायला काही नव्हतं.

शिवाय उपाय कायद्यात आधीच पडून आहे. कलम ८५१ म्हणतं की बाळाच्या आईवडिलांना आणि जे धर्मपालक होणार आहेत त्यांनाही नीट शिकवण द्यावी. ‘त्यांनाही’. बाप्तिस्म्याच्या तयारीची बैठक बऱ्याच ठिकाणी होते, पण तिला आई येते, कधी बाप येतो. धर्मपिता कामावर असतो, नाहीतर विमानात. ज्यानं बैठकीला यायचं नाही त्यानं उभं राहायचं नाही, एवढा एक नियम केला आणि पाळला तर अर्धे रुसवेफुगवे आपोआप मिटतील. परदेशातल्यानं आपल्या तिथल्या धर्मग्रामात तयारी करून यावं. जगात ठिकठिकाणी फादर आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दाखला सगळ्यांना सारखा असतो. संभाषण सुरू झालं की ओळखीच्याला सूट आणि अनोळखी माणसाची झडती हे ओघानंच आलं. त्यातून ‘श्रद्धेचं जीवन’ मोजायला गाव बसलं तर काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. कोण पितो, कोणाची मुलगी पळून गेली, कोणाचं कोणाशी काय चाललंय. चर्चच्या पायऱ्यांवर जे चालतं तेच ऑफिसात शिरेल. वसईच्या एखाद्या गावात तर फादरांच्या आधी शेजारणीच निकाल देतील.

ही भीती मला मान्य आहे, म्हणून प्रश्न मागचे नसावेत, पुढचे असावेत. माणसाचं पूर्वायुष्य उकरायची गरज नाही. ‘या मुलासाठी तुम्ही काय करणार?’ एवढं विचारा आणि उत्तर ऐकेपर्यंत गप्प बसा. ‘त्याला प्रार्थना कोण शिकवणार?’ ‘तुम्ही एका गावात राहता का, नसाल तर कसं जमवणार?’ ज्यानं कधी विचारच केलेला नाही तो या प्रश्नांपुढे स्वतःच चुळबुळ करतो आणि अनेकदा स्वतःच म्हणतो, की माझ्या बहिणीला करा, ती हे चांगलं करेल. ज्यांच्या आयुष्यात खरंच काही अडचणीचं आहे, म्हणजे चर्चबाहेर दुसरं लग्न किंवा सोबत राहणं, त्यांच्याशी फादरांनी एकांतात बोलावं. २०२३ च्या शरद ऋतूत ब्राझीलच्या एका बिशपांनी विचारलेल्या अशाच प्रश्नांना व्हॅटिकननं उत्तरं दिली, तेव्हाही सरसकट हो किंवा नाही म्हटलं नाही. श्रद्धेला धरून असलेलं जीवन हवं हे कायम ठेवलं, निर्णयात विवेकाला जागा ठेवली, आणि धर्मपिता होता येत नसेल त्याला साक्षीदार म्हणून उभं राहता येईल हे सुचवलं.

साक्षीदाराची ही जागा आपल्याकडे फारच कमी वापरली जाते. अहिल्यानगर-सोलापूरकडे अमेरिकन मिशनच्या काळापासूनची प्रोटेस्टंट घराणी आहेत आणि त्यांच्याशी कॅथोलिकांच्या सोयरिकी होतात. तिथला मामा रोज पवित्र शास्त्र वाचणारा, रविवारची उपासना कधी न चुकवणारा. त्याला ‘तुम्ही चालत नाही’ म्हणायचं आणि नाताळवाल्या काकाला उभं करायचं, हे दृश्य कोणालाही बोचेल. पण मामा बाप्तिस्मा झालेला आहे, म्हणून एका कॅथोलिक धर्मपालकासोबत तो साक्षीदार होऊ शकतो, आणि नोंदवहीत त्याचं नाव लिहिलं जातं. काकाऐवजी खरी श्रद्धा असलेली एखादी कॅथोलिक धर्ममाता आणि सोबत हा मामा, अशी जोडी बाळाला मिळाली तर आणखी काय हवं?

हिंदू आत्याचं काय? मिश्र विवाह आता नवे नाहीत, आणि बाळाला सगळ्यात जास्त जपणारी तीच असते, हेही होतं. तिला धर्ममाता करा असा आग्रह धरणारे मला भेटतात आणि नकार मिळाला की चर्च संकुचित आहे म्हणतात. मला यात चर्चची बाजू पटते. विधीत फादर धर्ममातेला विचारतात, की या मुलाला ख्रिस्ती जीवनात वाढवायला तू आईवडिलांना मदत करायला तयार आहेस का? मग पापाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली मोठ्यानं म्हणायची असते. जिची ती श्रद्धा नाही तिच्या तोंडी हे शब्द घालणं म्हणजे तिलाच खोटं बोलायला लावणं. आत्यानं बाळ मांडीवर घ्यावं, घरी बारसं करावं, पाळणा म्हणावा, नाव तिनंच कानात सांगावं. त्यातलं एकही काम दुय्यम नाही.

एक गैरसमज मात्र खोडून काढलाच पाहिजे, कारण त्याच्यापायी लोक चुकीची माणसं निवडतात. आईवडील गेले तर मूल धर्मपित्याकडे जातं, असं पुष्कळांना वाटतं. ना ख्रिस्तसभेच्या कायद्यात तसं आहे, ना भारताच्या. मृत्युपत्रात पालक नेमलेला नसेल तर तो ठरवायचा कोर्टानं. तेव्हा ‘मोठं घर आहे, सांभाळेल’ या हिशोबानं धर्मपिता करण्यात काही अर्थ नाही.

आणि धर्मपित्यानं काम केलं की नाही याची परीक्षा ख्रिस्तसभेनं कॅलेंडरवर ठेवलेलीच आहे. दृढीकरणाच्या वेळी पुन्हा एक सोबती लागतो, आणि कलम ८९३ म्हणतं की तो बाप्तिस्म्याचाच असणं इष्ट. म्हणजे दृढीकरणाच्या वर्गात मुलांना एवढंच विचारायचं, की तुझा धर्मपिता कोण, आणि तो तुला शेवटचा कधी भेटला? पुष्कळ मुलांना नाव आईला विचारून सांगावं लागतं. अशा मुलाला दुसरा सोबती निवडायला लावावं. कायदा त्याला आडवा येत नाही, आणि काका रुसले तर जेवणाला त्यांना बोलावताच येईल.